हो म्हणणारे त्र्याऐंशी

उंद्रीच्या वामनराव गुरुजींनी आयुष्यात दोन गोष्टी मनापासून केल्या. पोरांना भूगोल शिकवला आणि निवडणुकीची ड्यूटी केली. ड्यूटीचा कागद आला की बाकीचे मास्तर एकाएकी आजारी पडायचे, कुणाचा सासरा अत्यवस्थ व्हायचा. गुरुजी मात्र आदल्या दिवशीच पिशवी भरून तयार. मतदानाच्या खोलीत पुठ्ठ्याचा आडोसा जरा वाकडा लागला, तरी ते रांग थांबवायचे. एकदा एका पुढाऱ्याचा पोरगा आडोशामागं डोकावला, तर त्याला त्यांनी दंडाला धरून बाहेर काढला होता. मत गुप्त म्हणजे गुप्त. चाळीस वर्षांच्या संसारात मनकर्णाबाईंना आपल्या नवऱ्यानं मत कुणाला दिलं ते एकदाही कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी व्हॉट्सॲपवर ‘उंद्री चर्चा कट्टा’ काढला. त्यात एकशे चाळीस माणसं. गावच्या नळाचा विषय निघाला तर दोन मेसेज यायचे, आणि सातासमुद्रापलीकडं कुण्या नेत्यानं कुणाला दम दिला की दोनशे. ज्यांनी खामगावच्या पुढं कधी पाय टाकला नाही, ते कोणत्या देशानं कोणता सेनापती बदलावा हे सांगायचे. गुरुजींना हे आवडायचं. आपण शिकवलेला भूगोल कुठंतरी कामाला येतोय, असं त्यांना वाटायचं.

त्या उन्हाळ्यात असाच एक परदेशी नेता फार गाजत होता. कुणाला तो वाघ वाटायचा, कुणाला खाटीक. समुद्रापलीकडचं एक बंदर आपण बेचिराख करू, असं तो रोज टीव्हीवर सांगत होता. कट्ट्यावर त्यावरून हातघाई सुरू झाली. कृषी केंद्रवाल्या गोकुळनं लिहिलं, ‘उडवा एकदाचं. आणि हे वाचून गावात कोणाकोणाच्या पोटात दुखते, तेही पाहू.’ कट्ट्यावर मुसलमान पाच जण होते. पाचही जण गप्प बसले.

गोकुळला झापायचं तर गुरुजींनी त्याच वेळी झापायला हवं होतं. त्यांनी ते केलं नाही. भांडण मिटवायला त्यांनी आपला जुना उपाय काढला, मतदान. नातीनं शिकवलं होतं तसा प्रश्न टाकला: ‘बंदरावर हल्ला व्हावा का?’ खाली तीन पर्याय, हो, नाही, सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी हो झाले. नाही म्हणणारे नऊ.

त्र्याऐंशीतलं पहिलं मत गुरुजींचंच होतं. ते का दिलं, हे त्यांनी नंतर शंभरदा आठवून पाहिलं. चहा पीत होते, टीव्हीवरचा माणूस ओरडत होता, एक बंदर गेलं की लढाई संपेल असं काहीतरी मनात आलं. शिवाय कोण पाहतंय?

तिसऱ्या दिवशी पहाटे बंदरावर हल्ला झाला. कट्ट्यावर फटाक्यांची चित्रं आली. गुरुजींनी जगाचा नकाशा टाकला आणि पोरांना दाखवावं तसं बंदराभोवती लाल गोल काढला. त्याला सत्तर अंगठे मिळाले.

दोन दिवसांनी दुपारी कट्ट्यावरच्या त्या पाचांतला कय्यूम गादीवाला दारात उभा राहिला. गुरुजींच्या पोरीच्या लग्नातल्या गाद्या त्यानं भरल्या होत्या, आणि त्याचा फहीम गुरुजींच्या हाताखाली शिकला होता. वर्गात नकाशा टांगायचं काम फहीमचं. नकाशा उलटा लावून पोरांना हसवायचं कामही त्याचंच. आता तो दुबईला एसी बसवायचा.

खरं तर उंद्रीतून आखातात गेलेला प्रत्येक जण दुबईलाच असतो. तिथं पाच-सात देश आहेत, शेकडो शहरं आहेत, पण गावाला एकच नाव तोंडात बसलंय. पोरगा कुठं गेला? दुबईले. विषय संपला.

कय्यूमनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. “गुरुजी, हा पत्ता वाचा बरं. फहीमचा फोन दोन रोजापासून बंद हाये. कंपनीचाबी लागून नाही राह्यला.”

“अरे, दुबईले काहीच झालं नाही,” गुरुजी म्हणाले. “तू काऊन घाबरतं?”

“दुबई नाही ना गुरुजी. लोकं म्हनतात म्हनून आमीबी म्हनतो. कोनाकोनाले समजावत बसू?”

गुरुजींनी चष्मा लावला आणि पत्ता वाचला. शेवटच्या ओळीत बंदराचं नाव होतं. त्यांनी ते पुन्हा वाचलं. भूगोलाच्या मास्तरला दोनदा वाचावं लागावं असं त्यात काही नव्हतं. भिंतीला टेकलेला कय्यूम त्यांच्या तोंडाकडं पाहत होता. “तेच ना?” त्यानं विचारलं. गुरुजींनी होकाराची मान हलवली.

मग धावपळ झाली. कलेक्टर कचेरी, दूतावासाचे नंबर, इंग्रजीत अर्ज. सगळे अर्ज गुरुजींनी लिहिले. कट्ट्यावर मेसेज टाकला, तेव्हा सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, गोकुळनंही पाठवलं. वीस दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. कामगारांची इमारत पडली, अकरा जण बेपत्ता, त्यात फहीम शेख कय्यूम. मेला असं कुणी लिहून दिलं नाही. त्यामुळं सरवरीनं, फहीमच्या आईनं, घरात कुणाला रडू दिलं नाही. “बेपत्ता मंजे जिंदा,” ती म्हणायची.

त्याच आठवड्यात गुरुजी फोन घेऊन नातीपाशी, समीक्षापाशी बसले. मतदानाचा तो प्रश्न पुसून टाकायचा होता. समीक्षा म्हणाली, “आता सगळ्यांसाठी नाही हटत आजोबा, मुदत गेली. तुमचं मत तेवढं काढता येईल.”

“मत काढून काय फायदा? ते कोणाले दिसते?”

“सगळ्यांना दिसतं. हे पाहा.” तिनं बोट लावलं आणि यादी उघडली. कोणी हो म्हटलं, कोणी नाही म्हटलं, नावानिशी, फोटोनिशी, वेळेसकट. सगळ्यात खाली पहिलं मत देणारे वामनराव, फेट्यातल्या फोटोसह.

म्हणजे कय्यूमनं हे पाहिलं असेल. अर्ज लिहून घेताना, चहा पाजताना, ‘तुमचे उपकार गुरुजी’ म्हणताना त्याला हे ठाऊक असेल. पुढची नावं वाचायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी आपलं मत काढलं. ब्याऐंशी झाले.

इथून गुरुजींना एक खोड लागली. जेवण झालं की ते खाटेवर पडायचे आणि तो प्रश्न उघडायचे. यादी नाही, नुसता आकडा. तो उतरत होता. ब्याऐंशीचे चौऱ्याहत्तर, मग एकसष्ट. कोणी कोणाला बोललं नव्हतं, कट्ट्यावर एक अक्षर आलं नव्हतं, पण गाव आपापल्या घरात बसून गुपचूप नाव काढून घेत होतं. एका दुपारी त्यांच्या डोळ्यांदेखत चाळीसचे एकोणचाळीस झाले. कोण असेल? समोरच्या घरातला? गुरुजींनी खिडकी लावून घेतली.

झोप उडाली. कय्यूमच्या गल्लीतून जायचं त्यांनी सोडलं. दूध घ्यायला लांबचा फेरा घालू लागले. मनकर्णाबाई म्हणाल्या, “तुमाले झालं तरी काय?” काय सांगणार? शाळेतला नकाशा डोळ्यांपुढं यायचा, तो उलटा टांगलेला असायचा आणि पोरं हसत नसायची.

दिवाळीपर्यंत आकडा एकावर आला आणि तिथंच थांबला. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. असा कोण निगरगट्ट उरलाय? गोकुळच असणार, दुसरं कोण? गुरुजींना त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपल्याहून वाईट कोणीतरी गावात आहे, याचा माणसाला आधार असतो. शेवटी त्यांनी यादी उघडली.

हो म्हणणारा एकटा होता कय्यूम गादीवाला.

फोन त्यांनी पालथा ठेवला. पुन्हा उचलला. मत दिल्याची वेळ संध्याकाळची होती, गोकुळच्या त्या मेसेजनंतर चार तासांनी.

दुसऱ्या दिवशी ते सरळ कय्यूमच्या दुकानात गेले. दुकानामागंच घर. कय्यूम कापूस भरत होता. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू होते. गुरुजींना पाहून त्यानं गादीची कड झटकली आणि जागा दिली.

“कय्यूम,” गुरुजी म्हणाले, “ते मतदान... त्यात तुह्यं नाव राह्यलं आहे. आन फोन, काढून देतो.”

“मले काढता येते गुरुजी. फहीमनं शिकवलं होतं सारं.” त्यानं हातातली सुई गादीत टोचून ठेवली. “नावं दिसतात, हेबी त्यानंच सांगतलं होतं. म्हनून तर हो दाबलं. गोकुळशेठ पाहून राह्यले होते कोन काय म्हनते ते. मले गावात धंदा करा लागते. म्हटलं, इथून बटन दाबल्यानं तथी काय होते?”

“मग काढ ना आता.”

“सगळ्यायनं काढलं. तुमीबी काढलं.” त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं. “माह्यं पोरगं गेलं, आन हो म्हननारं गावात कोनीच नाही? बापानं म्हटलं होतं गुरुजी. ते राहू द्या. कोनाच्या तरी नावावर राहू द्या.”

गुरुजींना रडू फुटलं. दंडाला धरून बाहेर काढायचं, रांग थांबवायची, ते सगळं कुठं गेलं होतं त्या संध्याकाळी? त्यांनी स्वतःचा फोन काढला. बोट दोनदा चुकीच्या जागी लागलं. कय्यूम वाकून पाहू लागला. गुरुजींनी ‘हो’वर बोट ठेवलं आणि एकाचे दोन झाले. कय्यूमच्या नावाच्या वरच्या ओळीत वामनराव उमटलं, आजची तारीख, आत्ताची वेळ.

दोघंही फोनच्या त्या उजेडाच्या तुकड्यावर डोकी वाकवून बसले होते. आतून सरवरी आली. दोन माणसं एका फोनवर अशी वाकलेली पाहून ती दारातच थांबली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

“गुरुजी,” तिनं विचारलं, “फहीमचं काही आलं का?”