डुक्कर पळायलाच हवं होतं

आमच्या ह्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक रायफल आणि दुसरे डोळे. रायफल सासऱ्यांकडून आलेली, आणि डोळे म्हणे थेट घारीकडून. हे दारव्ह्याला वकिली करायचे. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास ह्यांनी पंचेचाळिशी ओलांडली आणि सकाळचं वर्तमानपत्र नाकापासून दूर दूर जाऊ लागलं. शेवटी हात पुरेना, तेव्हा "छपाई फार वाईट करून राह्यले हे लोक" असं म्हणून पेपर माझ्या मांडीवर आला. मग रोज मी वाचायची आणि हे ऐकायचे. चष्म्याचं नाव काढलं की अंगावर यायचे.

"चष्मा लावलेला शिकारी पाह्यला का तू कुठं? डुकरं हसतील!"

त्या हिवाळ्यात ह्यांचे बार एकामागून एक फुकट जाऊ लागले. कधी काडतूस दमट निघायचं, कधी वारा आडवा यायचा, एकदा तर म्हणे माझा भाऊ शिंकला. हा माझा धाकटा भाऊ बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता आणि आमच्याकडेच राहायचा. त्याची त्या रायफलीवर केव्हाची नजर. एके दिवशी जेवता जेवता तो म्हणाला, "भाऊजी, आता आराम करा. रायफल मी सांभाळतो." ह्यांनी ताट सरकवलं. "पुढचा बार फुकट गेला तर लायसन्स तुझ्या नावानं करून देतो. झालं समाधान?"

भाऊ हसला, मी मात्र ह्यांचं ताट पुन्हा पुढं ओढलं. कोर्टातून आलेला हा कुरकुऱ्या माणूस रायफल खांद्यावर टाकली की शीळ घालायचा, मला चिडवायचा, पंचवीस वर्षांचा व्हायचा. रायफल गेली की ह्यांचं म्हातारपण दारात येऊन बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. ते मला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी गावाबाहेरच्या आमच्या वावरात सराव सुरू झाला. तिथं मुरमाची उंच दरड होती. तिच्यापुढं ह्यांनी डालड्याचा रिकामा डबा ठेवला. धडाम! डबा जागच्या जागी. पुन्हा धडाम! डबा तसाच, मुरूम मात्र उडाला. मग ह्यांनी ट्रकचं जुनं टायर आणवलं, मधल्या भोकात पुठ्ठा बसवला आणि मला दरडीच्या कडेला खडकाआड उभं केलं. मी टायर उतारावर ढकलायचं. टायर उड्या मारत निघालं, धडाम झालं, आणि पुठ्ठ्याच्या मधोमध भोक! पुन्हा ढकललं, पुन्हा भोक. मी पदर खोचून टाळ्या वाजवायला लागले.

ह्यांना चेव आला. "अगं, पळतं जनावर आहे तिथं मारायचं नसतं, जाणार तिथं मारायचं. आपली एसटी थांब्यावर कुठं थांबते? तू तिच्याकडे धावतेस का? ती पुढं जिथं थांबणार तिथं धावतेस. तसंच. शेपटीमागून नळी उचलायची, अंगावरून फिरवत नाकाच्या पुढं काढायची आणि फिरता फिरताच चाप ओढायचा. नळी थांबली की गोळी मागं पडलीच समज."

म्हणजे सारवण्यासारखंच. हात मध्ये थांबला की ओरखडा उठतो. मी विचारलं, "आणि नळीच्या टोकावरची ती माशी? ती कुठं धरायची?" नेम धरायच्या त्या बारीकशा खुंटीला माशी म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

"माशीकडे पाहायलाच नाही पाहिजे! डोळा जनावरावर. माशी पाहायची ती उभ्या जनावराला."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माशी कुठं, तर हाताच्या अंतरावर. पेपर असतो तिथंच! डबा ह्यांना दिसत होता, माशीच दिसत नव्हती. मी खडकाआड मटकन बसले आणि पोट धरून हसले. ह्यांना वाटलं, टायर पायावरून गेलं.

पौषात बोरी अरबकडच्या एका बंजारा तांड्याच्या नाईकानं हुरड्याला बोलावलं. नाईक ह्यांचा जुना पक्षकार. "वकीलसाहेब, डुकरानं तूर लोळवून टाकली हो. बंदूक आणजा." आम्ही तिघं छकड्यातून गेलो. हुरडा, जवसाची चटणी, राखेनं काळी झालेली तोंडं. ऊन कलायला लागलं तशी नाईकाची बायको तुरीकडून पळत आली आणि हातानंच खूण केली, आहे म्हणून.

आम्ही सगळे पाय न वाजवता बांधापर्यंत गेलो. हे पुढं, आम्ही मागं. तुरीतून एक थोराड डुक्कर मोकळ्या वावरात आलं, आणि आडवं उभं राहिलं. अगदी फोटो काढून घ्यायला उभं राहावं तसं. भाऊ माझ्या कानात पुटपुटला, "आता तर आंधळासुद्धा मारेल."

हाच तर घोळ होता! ह्यांनी रायफल खांद्याला लावली. मान थोडी मागं नेली, मग आणखी मागं. पेपर धरताना न्यायचे तश्शीच. हे माशी शोधत होते. डुक्कर हलेना. ह्यांचं बोट चापावर गेलं. आणि मी, शिकारीत खोकू नये एवढीही अक्कल नसल्यासारखी, छातीभर श्वास घेऊन ओरडले, "हाऽऽड मेल्या!"

डुक्कर उसळून सुटलं. ह्यांची नळी शेपटीमागून निघाली, अंगावरून फिरली, नाकाच्या पुढं गेली आणि थांबली नाही. धडाम! डुक्कर कोलांटी खाऊन पडलं ते पडलंच.

"याडी!" म्हणून नाईकाच्या बायकोनं आईला हाक मारली आणि मला मिठीच मारली. भाऊ कडाडला, "ताई, अक्कल गहाण ठेवलीस का? उभं होतं ते!" नाईक म्हणाला, "बाई, कायले वरडल्या? निसटलं असतं ना!" आणि आमचे हे, रायफल खाली करत, धीरगंभीर आवाजात सगळ्यांना म्हणाले, "बायकांना शिकारीला आणलं की असंच होते."

वर तोंड करून बोलायची हिंमत तरी पाहा!

परतताना भाऊ छकड्यात मागं झोपला. मला राहून राहून हसू येत होतं आणि मी पदर तोंडात कोंबत होते. हे बैलांकडे बघत हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेला जरा लवकर ओरड. बार सुटायच्याच बेतात होता."

"म्हणजे तुम्हाला समजलं?" मी म्हटलं. "मग चष्मा का नाही करत?"

"तू आहेस ना ओरडायला," हे म्हणाले, "चष्मा कायले पाहिजे?"