भिंतीतलं जाळं

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीच्या घरी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच. फोन एकोडीहून कुसुमचा होता, आमच्या शेजारणीचा. "मामा, बाई गेली... समोरच्या खोलीत बसली होती, जाळं सांधत. मी चहा घेऊन आली तं मान खाली टाकलेली."  तसाच साबण पुसून बस धरली. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, वच्छला. मी लहानपणापासून तिला बाईच म्हणायचो आणि पुढे अख्खं गाव म्हणू लागलं. सत्तरी गाठली होती तिनं. घरी पोहोचलो तर अंगणात माणसं जमलेली आणि जो भेटेल तो एकच म्हणत होता, "सुटली बिचारी." पहिल्या तिघांचं ऐकून घेतलं. चौथ्याला मी विचारलं, कशातून सुटली? तो गांगरला. मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं, पण तो शब्द मला आजही सहन होत नाही. बाई बिचारी नव्हती. ती ज्या खोलीत गेली ती खोली तिनं स्वतःच्या हातानं उभी केली होती, आणि त्या खोलीत बसायचा हक्क तिनं आमच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मिळवला होता. त्यात मीही आलो. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही ढिवर. तलावातली मासोळी हेच आमचं पिढ्यान् पिढ्यांचं पोट. एकोडीचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि समोर रस्त्याकडे तोंड करून एक लांबट खोली. त्या खोलीत आमच्या बाबांची जाळी खुंट्यांना टांगलेली असायची. पाहुणा आला की तिथं बसायचा, मासेमारी करणारे लोक तिथंच जमायचे. बायका आतल्या दारातून चहा द्यायच्या. बाई एकोणिसाव्या वर्षी सासरहून परत आली, कारण नवऱ्यानं दुसरी आणली होती. बाबा दुष्ट नव्हते, पण लोकांना भिणारे होते. ते इतकंच म्हणाले, "आली तं राह्य. पन येनं-जानं मांगच्या दारानं कर." बाई राहिली. मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन ती चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागच्या दारानं निघाली आणि मागच्याच दारानं परत आली. माझं शिक्षण त्या टोपलीवर झालं. मी कचेरीत कारकून झालो, साकोलीत बिऱ्हाड केलं, आणि एकदा बाजाराच्या दिवशी ती रस्त्याच्या कडेला तराजू घेऊन बसलेली दिसली तेव्हा, सोबत साहेब होते म्हणून, मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. तिनं मला पाहिलं होतं. त्या विषयावर ती आयुष्यात एक अक्षर बोलली नाही, आणि ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाबा गेले, मग आई गेली. समोरची खोली बंद पडली. कवेलू सरकले होते, एक मयाल, म्हणजे छपराचं आडवं लाकूड, वाकली होती, भिंतीच्या खालच्या हातभर भागाला ओल चढली होती आणि आत मुंग्यांचं राज्य होतं. माझं मत साधं होतं, घर पाडावं आणि स्लॅबचं बांधावं. बाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांची. तिनं बाजारात बसणं कमी केलं होतं. ती म्हणाली, "पाडाचं नाही. समोरची खोली मी नीट करतो." मी म्हटलं, मिस्त्री लावू. तर म्हणाली, "मिस्त्री कायले? माह्या हाताले काय झालं?" मला हसू आलं होतं. आता आठवलं की माझंच हसू मला बोचतं.

आधी तिनं छप्पर घेतलं. शिडीवर चढून एकेक कवेलू उतरवला, फुटका बाजूला, धड बाजूला. वाकलेल्या मयालीला खालून बांबूचे टेकू दिले. मग तिनं तलावाकडच्या भिंतीत खिडकी पाडायचं ठरवलं, कारण त्या खोलीतून तलाव आजवर कधी दिसलाच नव्हता. गावातली जाणती माणसं येऊन सांगून गेली, बाई, भिंत बसल. तिनं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर सब्बल, म्हणजे पहार, हातात घेतली. पण ती येडी नव्हती. खिडकीच्या वरची जागा आधी कोरून तिथं सागवानाची पाटी बसवली, ती पक्की बसली याची खात्री केली आणि मगच खालची माती काढली. तीन दिवस लागले. भिंत बसली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला फोन आला, "तलाव दिसून राह्यला रे." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

फसली ती माझ्यामुळे. भिंतीला काय लावायचं हे तिनं मला विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सिमेंट लाव, पक्कं होईल. मातीच्या भिंतीशी माझा संबंध सुटून तीस वर्षं झाली होती, पण सांगायला काय जातं! तिनं कुणाची तरी थापी मागून आणली आणि उन्हाळाभर स्वतः सिमेंट लावलं. भिंत गुळगुळीत झाली, मी जाऊन कौतुकही करून आलो. पावसाळ्यात आतली ओल आतच कोंडली, सिमेंट फुगलं, आणि एका दुपारी दाराजवळचा अख्खा पापुद्रा धाडकन खाली आला. ती दोन मिनिटांपूर्वी तिथंच बसली होती. तिचा फोन आला तेव्हा मी घाबरलो, आणि ती चक्क हसत होती. "तुह्या सिमेंटानं माही भिंत सोडली गा." मी म्हटलं, बाई, पुरे झालं आता, पाडून टाकू. ती म्हणाली, "सिमेंट पडलं. भिंत कुठं पडली?"

पाऊस सरल्यावर तिनं उरलेलं सगळं सिमेंट खुरप्यानं खरवडून काढलं. हाताला फोड आले, ते फुटले, फडकी बांधून पुन्हा खरवडलं. पुढच्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे हटलं तेव्हा ती टोपली घेऊन तलावात उतरली. आयुष्यभर त्या पाण्यात पाय घातलेली बाई, कुठली माती कशी आहे हे तिच्या तळव्यांना ठाऊक होतं. पाळीजवळची, म्हणजे बांधालगतची, चिकट, मधली काळी; काळी वाळली की फुटते. तरी तिनं मनावर भरवसा ठेवला नाही. मागच्या भिंतीवर वेगवेगळ्या मातीचे पोळीएवढे आठ तुकडे लावून पाहिले, महिनाभर वाळू दिले, आणि जो फुटला नाही त्याचीच माती घेतली. ती माती, रेती, शेण आणि बारीक कापलेली तणस, म्हणजे धानाचं वाळलं गवत, असं सगळं अंगणातल्या खड्ड्यात भिजत घातलं. ते पंधरा दिवस कुजवायचं आणि रोज पायानं तुडवायचं. वास असा सुटला की मी फाटकातूनच नाकाला रुमाल लावला. ती गुडघाभर चिखलात उभी होती. म्हणाली, "वास आल्याबिगर माती धरत नाही. तुले लहानपनी ठाऊक होतं हे." मी तिला बाहेर उभ्या उभ्या सांगू लागलो की रेती जास्त टाक, असं कर, तसं कर. तिनं पाय थांबवले नाहीत. "सल्ला नोको देऊ. पाय घाल."

मी पाय घातला नाही. पॅन्ट इस्त्रीची होती. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत दर दिवाळीआधी ती भिंती लिंपायला-पोतायला काढायची, मी भेटायला जायचो, आणि दर वेळी ती तेच म्हणायची, पाय घाल. दर वेळी माझ्याजवळ काही तरी कारण असायचं. गुडघा दुखतो, बस चुकेल, सून वाट पाहते...

खरं भांडण झालं ते जाळ्यावरून. बाबांचं शेवटचं जाळं खुंटीवर होतं, जुनं, जागोजागी सांधलेलं. ते मला हवं होतं. माझ्या साकोलीच्या बैठकीत काचेच्या कपाटात ठेवायचं असं मी मनात धरलं होतं. त्याच उन्हाळ्यात एका रविवारी गेलो तर खुंटी रिकामी. बाईनं ते जाळं दाराजवळच्या भिंतीवर, जिथून सिमेंट पडलं होतं तिथंच, ताणून बसवलं होतं, बांबूच्या काड्या ठोकून, आणि वरून माती लिंपत होती. नवी माती जुन्या भिंतीला घट्ट धरावी म्हणून. अर्धं जाळं चिखलाआड गेलं होतं. मी ओरडलो, "बाबाचं जाळं भिंतीत गाडलं तू?" तिनं हातातला गोळा भिंतीवर मारला, तळव्यानं पसरवला आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कपाटात ठेवून कोन्ती मासोळी धरनार होतं ते? इथं भिंत धरून राहीन." मी न जेवता परतलो. पण त्या भिंतीवरून पुढे एवढा पाऊस गेला, यंदापर्यंत ती माती हलली नाही.

खोली झाली. सारवलेली जमीन, पांढऱ्या मातीनं पोतलेल्या भिंती, तलावाची खिडकी, आणि खिडकीखाली बाईचा पाट. बाबांच्या मोकळ्या खुंटीला तिनं स्वतःचा तराजू टांगला. आणि त्या दिवसापासून ती समोरच्या दारानं जाऊ-येऊ लागली, टोपली डोक्यावर घेऊन, भर रस्त्यातून. कुणी काही म्हटलं का? म्हटलंच असेल. तिनं कान दिला नाही.

माझ्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. त्यांना आमचं मूळ घरही पाहायचं होतं. तेही आमच्यातलेच, पण दोन पिढ्यांपासून नोकरीत, मासोळीशी फक्त ताटापुरता संबंध. मी आदल्या दिवशी एकोडीला गेलो आणि बाईला म्हटलं, उद्यापुरता तराजू मागं ठेव, टोपली मागं ठेव, आणि... "अन् मी?" तिनं विचारलं.  ती म्हणाली, "मी बी मांगं बसू? बोल ना." मग फार शांतपणे म्हणाली, "तराजू इथंच राहीन. मी इथंच राहीन. ज्याले वास येते त्यानं आपलं नाक घेऊन घरी जावं." दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना ती पाटावर बसूनच सामोरी गेली, तराजूखाली. त्यांनी चहा घेतला, चार शब्द बोलले, आणि निरोप नकाराचा आला. मी चार महिने बाईशी बोललो नाही. बोलायला लावलं ते माझ्याच मुलीनं. म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्याला लपवणार होते. मग त्या घरात मला काय काय लपवावं लागलं असतं?" पुढच्या रविवारी मी एकोडीची बस धरली.  तिचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, आणि तिचा नवरा पहिल्यांदा एकोडीला आला तेव्हा बाईनं त्याला जाळ्याची गाठ मारायला बसवलं होतं.

तेरवीच्या दिवशी त्याच खोलीत सगळे बसले होते. यंदाच्या पावसात दाराजवळच्या भिंतीचा खालचा कोपरा झिजला होता, आणि तिथून बाबांच्या जाळ्याचे दोन-चार डोळे बाहेर दिसत होते. माझा मुलगा संदीप ते पाहून म्हणाला, "बाबा, आता कोणासाठी ठेवाचं हे? पाडून स्लॅब टाकू." दोघा-तिघांनी माना हलवल्या. हे सगळं मी एकेकाळी स्वतःच बोललो होतो, त्यामुळे मला त्यांचा रागही धड करता येईना. तेवढ्यात कुसुम दारात येऊन म्हणाली, "मामा, त्या मातीचं काय करू? बाईनं कोपऱ्यासाठी भिजू घातली होती. ती गेल्यापासून मीच पानी टाकून राह्यली." मी उठून अंगणात गेलो. खड्ड्यावरचं ओलं पोतं बाजूला केलं. वास अंगावर आला, तोच, नाक धरायला लावणारा. माती तयार झाली होती.

मी चप्पल काढली, पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडली आणि आत उतरलो. सहासष्टाव्या वर्षी, तेरवीच्या पंगतीसमोर. पाय सुरुवातीला घसरला, मग बसला. तणस बोटांत अडकत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. संदीप धावत आला, "बाबा, काय करून राहिले? गुडघा पाहा ना तुमचा!" लोक उठून दारात आले. मी तुडवणं थांबवलं नाही. त्याला म्हटलं, "पाय घाल." तो उभाच राहिला. त्याचीही पॅन्ट इस्त्रीची होती.

त्या दुपारी कोपरा मीच लिंपला. जाळ्याचे डोळे एकेक करून मातीखाली गेले. काम ओबडधोबड झालं आहे. बाईची भिंत सपाट आणि माझा तुकडा फुगलेला, लांबूनही ओळखू येतो. ती असती तर हसली असती. पुढच्या दिवाळीआधी पुन्हा लावावा लागेल. लावीन. तराजू खुंटीवरच आहे, पाट खिडकीखालीच आहे, आणि दर रविवारी मी साकोलीहून येऊन तिथं बसतो. खोली पाडायचं अजून ज्यांच्या मनात आहे त्यांनी खुशाल यावं, समोरच्या दारानं यावं. माती भिजत घातलेली आहे.