घमेल्यातलं पाणी आणि आक्कांच्या हॉलमधला सेन्सर

"आरं बंद कर त्ये! आधी बंद कर! मला हितं सेलमला ऐकू यायलंय, दिल्या!"

फोनवर संपत ओरडत होता, डोक्यावर सायरन ओरडत होता, आणि मी स्टुलावर एका पायावर उभा राहून दोघांनाही गप्प करायच्या खटपटीत होतो. सायरन साधासुधा नव्हे... मीच बसवलेला. शेजारच्या हवालदारांची म्हैस त्या दिवशी दूध द्यायची थांबली ती चार दिवस आटलेलीच. (बरं, दोन दिवस. पण आटली होती.) आणि संपतची आई, म्हणजे आमच्या आक्का, समोर खुर्चीत बसून शांतपणे शेंगा फोडत होत्या. हॉलमध्ये आम्ही दोघंच. मी तारा सोडून स्टुलावर गोठलो, आक्कांचा हातही शेंगेवर थांबला. हालत कुणीच नव्हतं. आणि सेन्सरचा लाल दिवा लागलेला!

आता आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी वायरमन माणूस. भूत असेल तर त्याचं अर्थिंग नीट नसणार, असं म्हणणारा. आमच्या सांगलीकडच्या विटा भागात कॅमेरे आणि चोर-अलार्म बसवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. एकदा तर माझ्या अलार्मला घाबरून चोर पळाला तो थेट पोलिसचौकीत जाऊन बसला आणि म्हणाला, साहेब, आत घ्या. अशी कामं केलेला मी. पण ही गोष्ट सांगताना मला फुशारकी मारता येत नाही... का, ते पुढं कळेलच.

आमच्याकडची निम्मी गडी माणसं गलाईला बाहेर. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा. पोरं सेलम, लुधियाना, गुवाहाटी, कुठं कुठं दुकानं टाकून बसलेली, आणि गावात त्यांचे टोलेजंग बंगले. बंगल्यात कोण? एक म्हातारी आणि एक मांजर. आक्कांचंही तसंच. तात्या, म्हणजे त्यांचे मालक, जाऊन दोन वर्षं झालेली. आक्का मागच्या बाजूला स्वयंपाकघरात राहायच्या. पुढचा हॉल नुसता सोफ्यांना बसायला. म्हणून संपतनं मला सांगितलं, "हॉलमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर टाक. कोण आत शिरलं तर सायरन वाजाय पायजे आन् मला फोन याय पायजे." आक्कांना हॉलमध्ये यायचं असेल तर आधी रिमोटचं बटण दाबून सेन्सर बंद करायचा, एवढंच.

सेन्सर बसवला. फर्स्ट क्लास. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारच्या चहाच्या वेळेला सायरन!

पहिल्यांदा म्हटलं, पाल. सेन्सरला माणसाची ऊब कळते, तशी कधी कधी जवळून फिरणारी पालही त्याला फसवते. पाल हाकलली. मग म्हटलं पडदा, पडदे बांधले. मग ऊन, खिडकीला कागद लावला. सेन्सरच बदलला! नवीन कोरा आणला, दुसऱ्या कोपऱ्यात लावला. चहाची वेळ झाली की लाल दिवा. एक एक भाग झाकून बघितला तेव्हा कळलं, की सगळी गडबड एकाच जागेची. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना लागतो तो उंबरा. बाकी हॉल गप्प.

त्या उंबऱ्याशी एक घमेलं ठेवलेलं असायचं. पाण्यानं भरलेलं.

"आक्का, हे कशाला?"

"ह्यास्नी लागतंय," आक्का म्हणाल्या. मालकांचं नाव त्या घेत नसत.

ते मला कळलं, कारण माझे चुलते गलाईतच होते. गलाईच्या दुकानात कुणी तसाच बाहेर पडत नाही. कपडे झटकायचे, घमेल्यात हातपाय धुवायचे, मग जायचं. ते पाणी, तो केर, सगळं राखून ठेवतात. त्यात सोन्याची धूळ उतरते. तात्यांचा जन्म त्यात गेला. धंदा पोराच्या हाती देऊन गावी आले तरी सवय सुटली नाही. बाहेरून आले की उंबऱ्यात थांबणार, धोतर झटकणार, वाकून घमेल्यात हात धुणार, आणि मग "चहा टाक गं." शेताचा चिखल धुतला तरी पाणी फेकू देत नसत म्हणे!

"मग आता कशाला भरता?"

"तुझा दिवा का लागतोय?" आक्का म्हणाल्या.

मी हसलो. मोठ्यानं हसलो. पण दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा बघितलं, आक्कांनी स्वयंपाकघरात उंबऱ्याकडं तोंड करून पाट टाकला होता. दोन कप चहा. दिवा लागला की त्या कशा दिसायच्या सांगू? परगावच्या एस.टी.तून आपलं माणूस उतरताना दिसावं तशा.

पण सायरनही वाजायचा ना! आणि तिकडं सेलममध्ये संपतचा फोन. "दिल्या, गिऱ्हाईक समोर, वितळल्या सोन्याची मूस चिमट्यात, आन् तुझा फोन वाजतोय! हात भाजला असता आज! उद्याच्याला नीट न्हाई झालं तर गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो, ह्याला कोन काम दिऊ नका म्हणून."

आता आली का पंचाईत! माझी सगळी गिऱ्हाइकं त्या ग्रुपवर. माझी लेक कॉलेजला, घर माझ्या एकट्यावर. मी काय केलं... आक्का परसात शेवग्याच्या शेंगा काढत होत्या, तेवढ्यात सेन्सर उघडला. आतल्या पांढऱ्या काचेला उभ्या रेघा असतात. एकेक रेघ खोलीचा एकेक भाग बघते. उंबऱ्याकडं बघणाऱ्या भागावर आतून काळी चिकटपट्टी लावली. खालपासून वरपर्यंत. झाकण बंद. संपतला फोन लावला आणि म्हणालो, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम हुता, अपडेट मारलं."

माझी जीभ कधी अडखळत नाही. तेव्हाही नाही अडखळली.

चहाची वेळ झाली. दिवा लागला नाही. आक्का बसल्या होत्या पाटावर. दोन्ही कपांवर साय धरली. मग म्हणाल्या, "दिलीप, आज दिवा न्हाई लागला."

"दुरुस्त झालं, आक्का."

त्या उठल्या, घमेलं उचललं, पाणी परसात शेवग्याला ओतलं आणि घमेलं भिंतीला पालथं घातलं. दुसरा कप त्यांनी मला दिला. मी तो प्यायलो. अजून त्याची चव तोंडात आहे... नको असलेली.

त्यानंतर महिनाभर सगळं गप्प. संपत खूश, म्हैस खूश. मग एके दिवशी मी तासगावात एका बेदाण्याच्या शेडवर कॅमेरा लावत होतो, आणि हवालदारांचा फोन आला. "दिल्या, ये लवकर! आक्का पडल्यात!"

झालं होतं ते असं. सकाळी आक्का हॉलकडं निघाल्या. रिमोट ओट्यावरच विसरला, म्हणजे सेन्सर चालूच. उंबऱ्यात घेरी आली आणि तिथंच पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, हलता येईना. फोन आत चार्जिंगला. ओरडून ओरडून आवाज गेला. तशा पडून होत्या त्या, सकाळपासून चहाच्या वेळेपर्यंत. आणि चहाच्या वेळेला सायरन वाजला. संपतनं सेलमहून हवालदारांना फोन केला, हवालदारांनी मागचं दार फोडलं.

मी पोचलो तेव्हा आक्कांना गाडीत घालत होते. हवालदार मला मिठी मारून म्हणाले, "लय भारी मशीन हाय रं गड्या तुझं! बाई सकाळपास्नं त्या दिव्याकडं बघून हात हालवत हुती म्हणं. शेवटाला दिसला बघ त्याला हात!"

पण हात दिसणं शक्य नव्हतं. मी डोळा बांधला होता.

सगळे दवाखान्याकडं गेल्यावर मी एकटाच हॉलमध्ये थांबलो. सेन्सर उघडला. पट्टी होती तशी, एक कोपरा सुटलेला नाही. झाकण लावून उंबऱ्यात उभा राहिलो, उड्या मारल्या, आक्का पडल्या होत्या तिथं लोळून हात हालवले. दिवा ढिम्म. उंबऱ्यातून एक पाऊल पुढं हॉलमध्ये टाकलं... लाल. म्हणजे सायरन वाजला तेव्हा हॉलच्या मध्यात काहीतरी फिरलं होतं. खिडक्या बंद, पडदे मीच बांधलेले, मांजर शेजारी म्हशीजवळ, पाल शोधली तरी नाही. आणि इतके दिवस जे काही होतं ते उंबरा सोडून एक वीतही पुढं आलेलं नव्हतं. त्या दिवशीच आलं. का आलं, कसं आलं, मला सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं; पालीचं मात्र सांगू नका, ते मी स्वतःच लोकांना सांगत आलोय.

संपतनं ग्रुपवर टाकलं ते वेगळंच. "दिल्याच्या मशीननं माझी आई वाचवली." माझा फोन वाजायचा थांबेना. इकडून बंगला, तिकडून बंगला. लोक हार घालायचे बाकी राहिले. आणि मी... मी हो हो म्हणत होतो. पट्टी नसती तर सकाळीच हात दिसला असता, सकाळीच सायरन वाजला असता. ते सगळे तास माझ्यामुळं. हे ना संपतला सांगितलं, ना हवालदारांना. पट्टी काढायचंही धाडस होईना. काढली आणि चहाच्या वेळेला दिवा लागला नाही तर?

आठवड्यानं सांगलीला दवाखान्यात भेटायला गेलो. संपत बाहेर औषधं आणायला गेलेला. आक्का कॉटवर, पायाला वजन बांधलेलं. ठरवून गेलो होतो की सांगायचं, पाय धरायचे. पण त्यांच्या समोर उभा राहिलो आणि तोंडातून जुनीच टेप वाजली.

"काय आक्का! मशीननं बघितलं म्हणून निभावलं की न्हाई?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"मशीनचा डोळा तू बांधला हुतास," त्या म्हणाल्या. "घरी जाशील तवा घमेल्यात पाणी वत."