अस्वलबाईचा हात

माझा मामा मुलांच्या साप्ताहिकात चित्रं काढायचा. त्याची अस्वलबाई तीस वर्षं दर आठवड्याला छापून आली. जनावराचं माणूस कसं करता, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "कपडे घालून नाही होत. दोन पायांवर तर सर्कशीतलं अस्वलही उभं राहतं. कुणी बघत नसताना ते काय करतं, ते दाखवायला लागतं."

ते तो मामीकडून चोरायचा. टेबल मुद्दाम स्वयंपाकघरासमोर. मामीनं डबा उघडून वास घेतला, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधला, की पुढच्या अंकात अस्वलबाईही तेच करायची. "मेलं माझं सोंग घरोघरी पोचवलंत," मामी कुरकुरायची, पण अंक आला की आधी तीच उघडायची.

एका वर्षी अस्वलबाई उठताना उजवा पंजा बरगडीखाली दाबून धरू लागली. संपादक खूश झाले. "आता अगदी माणूस वाटते," म्हणाले. एका मुलीचं पत्र आलं, "अस्वलबाईचं पोट दुखतं का?" मामानं ते मामीला वाचून दाखवलं. दोघंही हसली. "मुलं काय, काहीही विचारतात," म्हणत मामी उठली, हात तिथंच धरून. मामानं पत्र कौतुकानं टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं.

दीड वर्षानं मामीनं अंथरूण धरलं. दुखणं कधीपासूनचं, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, "आत्ताआत्ताच." आजार केव्हाच हाताबाहेर गेला होता. सहा आठवड्यांत ती गेली.

मला मामाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? जगाच्या लकबी टिपणारा माणूस, आणि दिव्याखाली अंधार. चार शब्द सुनावायचे म्हणूनच मी गेले. तो जमिनीवर जुने अंक पसरून बसला होता, प्रत्येक अंक अस्वलबाईच्या पानावर उघडलेला.

"बघ," तो म्हणाला, "जिथं दुखत होतं, बरोबर तिथंच हात काढलाय मी. एकदाही चुकलो नाही."

मी त्याच्याशेजारी बसून रडले.

मग त्यानं भिंतीवरचं पत्र सोडवलं आणि माझ्याकडे पोस्टकार्ड मागितलं. दोन वर्षांनी त्या मुलीला उत्तर लिहिलं, "होय, दुखत होतं. विचारलंस फक्त तू."