आश्रुबाची लेक कोणत्या संघात गेली

लिंबदऱ्यातली एखादी लेक पुण्याला गेली की गाव दोनच गोष्टी विचारतं, नोकरी का नवरा. आश्रुबाच्या शिवकन्येनं तिसरंच उत्तर दिलं. ते गावाच्या पचनी पडायला आठ दिवस, एक शाल आणि एक नारळ लागला.

लिंबदरा धारूरच्या घाटाखालचं गाव, आणि आश्रुबा तिथल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा सेक्रेटरी. सकाळी डेअरीच्या ओट्यावर बसायचं, प्रत्येकाच्या दुधात डिग्री सोडायची, पाणी किती ते सांगायचं आणि वर शिव्या खायच्या, हे त्याचं वीस वर्षांचं काम. डिग्री म्हणजे काचेची नळी. दूध खरं असलं की ती तरंगते, पाणी असलं की बुडते. दोन हजार तेराच्या दुष्काळात विहिरींनी तळ दाखवला, निम्मी जनावरं छावणीत गेली आणि दूध तीनशे लिटरवरून चाळिसावर आलं. तेव्हा आश्रुबा डिग्री बाजूला ठेवून म्हणायचा, "घाला बे पाणी. घरात असलं तर घाला."

त्या उन्हाळ्यात शिवकन्या बारा वर्षांची होती. दऱ्यातल्या झऱ्यावरून पाणी आणायचं काम तिच्याकडं. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, आणि पायवाटेवर नुसते गोटे. खाली बघायची सोय नाही, मान हलली की वरची घागर अंगावर. चार महिन्यांत पोरीच्या पायांना आपले आपण दिसायला लागलं.

जूनमध्ये आश्रुबाची बहीण छबुबाई आली आणि भाचीला अंबाजोगाईला घेऊन गेली. "आमच्या नळाला पंधरा दिवसांनी येतं," ती म्हणाली, "पण येतं तरी. तुमच्या टँकरचा डायवर तर नवरदेवासारखा रुसून बसतोय."

छबुबाईच्या घरामागं एक मैदान होतं आणि मैदानावर उत्तरेश्वर सरांची फुटबॉल अकादमी होती. अकादमी म्हणजे एक पाटी आणि सहा चेंडू. त्यातले चार हवा धरायचे. सर तरुणपणी मेडिकल कॉलेजातल्या परगावच्या पोरांबरोबर खेळून खेळ शिकलेले. लग्नासाठी स्थळं यायची तेव्हा मुलगा काय करतो म्हणून विचारलं की त्यांचे वडील "शिक्षक हाय" एवढंच सांगून विषय बदलायचे, असं छबुबाई सांगायची. छबुबाईचं सगळंच खरं नसतं, पण सरांचं लग्न उशिरा झालं हे खरं.

हातपंप मैदानाच्या पलीकडं. एका संध्याकाळी पोरांचा खेळ रंगलेला असताना शिवकन्या डोक्यावर भरली घागर घेऊन मधूनच निघाली. कुणीतरी चेंडू जोरात हाणला तो थेट तिच्याकडं. पोरं "सरक, सरक" म्हणेपर्यंत तिनं खाली न बघता चेंडू पायानं थांबवला, तळव्यानं दाबला आणि ज्याचा होता त्याच्याकडं ढकलून दिला. घागरीतलं थेंबभर पाणी सांडलं नाही.

सरांनी शिट्टी फुंकली. "पोरी, परत एकदा कर."

"कावून? पाणी न्यायचंय."

सर तिच्या मागोमाग छबुबाईच्या दारात. शेजारची नीलाबाई, किराणा दुकानदार गुरुलिंगअप्पांची बायको, लसूण सोलायचं थांबवून कान लावून बसली. पोरगी पोरांत खेळणार, तेही अर्ध्या चड्डीवर, म्हटल्यावर नीलाबाईनं "शिव शिव" केलं. छबुबाईनं नीलाबाईला सुनावलं नाही, आणि सरांनाही होकार दिला नाही.

"खेळंल," ती म्हणाली, "पण आधी माझ्या चार खेपा पाणी भरून झाल्यावर."

चार खेपा होईपर्यंत अंधार पडायचा. मग पोरांनीच तोड काढली. दुसऱ्या दिवसापासून अकादमीची अख्खी फळी हातपंपाच्या रांगेत उभी राहायला लागली. गोलकीपर हापसायचा, बाकीचे घागरी पोचवायचे, आणि पाच वाजता शिवकन्या मैदानात. अंबाजोगाईत इतक्या सहकारी संस्था निघाल्या आणि बुडाल्या, पण ही हातपंपाची सोसायटी एकही निवडणूक न होता सहा वर्षं चालली.

पहिले बूट मिळाले तेव्हा ती महिनाभर वाईट खेळली. "पायाचे डोळे झाकल्यात," असं तिनं सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. महिनाभर तिला अनवाणी पळवलं, मग पातळ तळाचे बूट शोधून आणले. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले, अकरावीत पुण्याच्या एका क्लबानं आपल्या कनिष्ठ संघात घेतलं. सुट्टीत शिबिराला जायचं, स्पर्धा असली की खेळायचं आणि परत यायचं. नीलाबाई आता गिऱ्हाइकांना सांगायची, "आमची शेजारीण फुटबॉलपटू हाय."

आश्रुबाला यातलं किती कळत होतं, देव जाणे. त्याच्या लेखी खेळ म्हणजे दहावीचे गुण. त्यानं बजावून ठेवलं होतं, "बारावीपस्तोर खेळ. पुढं नोकरी, न्हाईतर सोयरीक." आणि नोकरीसाठी त्यानं जिल्ह्याच्या मोठ्या दूध संघात लेकीच्या नावानं अर्जही टाकून ठेवला होता. संस्थेचे चेअरमन मोहनराव म्हणाले होते, "मी शब्द टाकतो." मोहनराव सगळ्यांसाठीच शब्द टाकायचे. टाकलेले शब्द पडतात कुठं, हे अजून कुणाला सापडलेलं नाही.

दोन हजार एकोणीसच्या एप्रिलात, पुन्हा छावण्या पडलेल्या असताना, आश्रुबाच्या नावानं पत्र आलं. तो ते घेऊन थेट डेअरीवर गेला आणि दूध घेऊन आलेल्यांसमोर त्यानं मोठ्यानं वाचलं. वरचं इंग्रजी सोडून दिलं. खाली मराठीत होतं: 'आपली कन्या शिवकन्या हिची कनिष्ठ संघातील कामगिरी पाहून तिची आमच्या मुख्य संघात निवड करण्यात आली आहे. सुरुवातीस ती राखीव राहील. राहण्या-जेवणाची व्यवस्था संघ करील. पालकांची संमती आठ दिवसांत पाठवावी.'

आता सहकारात आयुष्य गेलेल्या माणसानं याचा दुसरा अर्थ लावायचा तरी कसा? कनिष्ठ संघ म्हणजे आपली गावातली संस्था. मुख्य संघ म्हणजे दूध संघ. आणि राखीव म्हणजे तर काय, महिलांची राखीव जागा, बिनविरोध. दुसरं पान कुणी उलटलं नाही. आश्रुबानं तिथंच पत्रासोबतच्या संमतीपत्रावर सही ठोकली आणि तिच्यावर संस्थेचा गोल शिक्का मारला.

मोहनरावांच्या कानावर गेलं. ते क्षणभर चकित झाले, मग म्हणाले, "मी शब्द टाकलताच." सत्कार ठरला.

आश्रुबानं लेकीला फोन लावला. रेंज अर्धी. "मुख्य संघात निवड झाली, बाई. सही केली म्या." शिवकन्या छबुबाईच्या गळ्यात पडून रडली. बारावीपुढं खेळायला आबांनी 'न्हाई' म्हणलं होतं आणि आबांनीच सही केली. सत्काराच्या दिवशी ती एसटीतून उतरली आणि तिला फ्लेक्स दिसला. त्यावर हातभर मोहनराव, बोटभर ती, आणि खाली लिहिलेलं: 'दूध संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

घरी आई, बायनाबाई, वाटच बघत होती. तिनं पत्र आणि घडी केलेलं संमतीपत्र लेकीच्या पिशवीत कोंबलं. छबुबाईनं तिला सगळं कळवलं होतं.

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "सही झालीया, शिक्का बसलाय. चारच्या गाडीनं निघ. मागनं मी बघते."

खरंच तेवढं पुरलं असतं. तिला अठराला पाच महिने कमी होते म्हणून आबांची सही लागत होती, ती झालेला कागद हातात होता, मुदत परवा संपत होती. शिवकन्या पिशवी घेऊन उठली आणि गाडीकडं न जाता डेअरीवर गेली.

आश्रुबा आत एकटा, डिग्री पुसत होता. बाहेर माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"आबा, दुसरं पान वाचलं का तुमी?"

"पह्यल्यातच समदं होतं की. दुसऱ्यावर अटी असत्यात."

तिनं वाचून दाखवलं. "सराव सकाळी साडेपाचला. सामन्याचा गणवेश क्लब देईल."

"दूध संघात गणवेश?"

"ह्यो फुटबॉलचा संघ हाय, आबा."

आश्रुबाच्या हातातली डिग्री तशीच राहिली. "म्या तुला न्हाई म्हणलतं."

"म्हणलतं. म्हणूनच सांगाया आले." तिनं कागद टेबलावर ठेवला. "सही चुकून झालीया. ती घेऊन मी जायची न्हाई."

आश्रुबानं कागद जवळ ओढला. मग म्हणाला, "किती जणी होत्या तिथं?"

"वीस. वर दोघीच घेतल्या."

"आन् राखीव म्हंजी?"

"बाहेर बाकावर बसायचं. कुणी दमलं की आत."

"कुणी दमलंच न्हाई तर?"

"तर बसायचं."

आश्रुबानं डिग्री तिच्या भांड्यात ठेवली. "वीस वर्षं झाली मला हितं," तो म्हणाला. "दुधात पाणी हाय असं आपण होऊन सांगणारं पह्यलं माणूस तू."

त्यानं पेन काढलं. संमतीपत्रावर 'मुख्य' आणि 'संघात' या दोन शब्दांमध्ये एक खूण केली, वर बारीक अक्षरात 'फुटबॉल' लिहिलं, शेजारी पुन्हा सही केली आणि पुन्हा शिक्का मारला.

"दुसरी सही कशाला, आबा?"

"मजकुरात बदल केला की तिथं सही लागती. न्हाईतर वरचे लोक धरत न्हाईत."

बाहेर जाऊन त्यानं मोहनरावांच्या कानात सांगितलं. मोहनरावांनी तंबाखूची चिमूट दाढेत बसेपर्यंत विचार केला. मग माइक घेतला. "शब्द टाकताना मी नुसतं संघ म्हणालतो. कोणता, ते त्यांच्यावर सोडलतं." कुणीतरी फ्लेक्सवरच्या 'दूध' या शब्दावर हार सरकवला, आणि शाल-नारळ आणलेलाच होता तो दिला.

क्लबाच्या कचेरीत गोल शिक्क्याचं ते संमतीपत्र हातोहात फिरलं म्हणतात. सहकारी दूध संस्थेच्या मंजुरीनं आलेली खेळाडू त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

नऊ सामने शिवकन्या बाकावर बसली. प्रत्येक सामन्यानंतर आश्रुबाचा फोन. "दमलं का कुणी?" "न्हाई, आबा." "धडधाकट दिसत्यात बाया." एवढंच बोलणं.

दहावा सामना डिसेंबरात, भर दुपारी. दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर बंकट, त्याच्या मोबाईलवर तो दिसत होता. डेअरीच्या ओट्यावर मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला, भोवती पंचवीस डोकी, मोहनराव खुर्चीत. त्रेसष्टाव्या मिनिटाला एक मुलगी लंगडत बाहेर आली आणि सतरा नंबरचा शर्ट आत गेला.

चेंडू तिच्याकडं आला. दोघी अंगावर धावून आल्या. शिवकन्या मान ताठ ठेवून समोरच बघत होती.

"आगं खाली बघ की," बंकट मोबाईलला म्हणाला. "चेंडू पायात हाय."

"ती बघायची न्हाई," आश्रुबा म्हणाला. "डोक्यावर घागर हाय तिच्या."

आणि ती दोघींच्या मधून निघून गेली.