गुडघ्यांवरचा भुसा

नवऱ्याच्या विजारीचे गुडघे स्वच्छ होते, आणि तिथंच बायकोला संशय आला.

तीस वर्षं हा नेम होता. दुपारी ते मागच्या सुतारकामाच्या शेडमधून जेवायला यायचे, ती दारात आडवी व्हायची, "थांबा" म्हणायची आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर सपासप हात मारायची. भुशाचा ढग उठायचा. कधी सागाचा पिवळसर, कधी शिसवीचा चहाच्या पुडीसारखा. गेले चार दिवस ती हात उगारायची आणि झटकायला काही नसायचं. छाती, बाह्या, केस, सगळं भुशानं माखलेलं, गुडघे मात्र धुऊन वाळत घातल्यासारखे.

तिनं ताट वाढलं.

लोक त्यांना 'कडेवाले' म्हणत. दाराची, कपाटाची, टेबलाची कड घडवावी ती त्यांनीच. शेडच्या मधोमध त्यांच्या बापानं बनवलेलं जाड टेबल होतं. टेबलाच्या पोटात कड कोरायचं यंत्र, राउटर, उलटं टांगलेलं, मोटार खाली आणि बिटाचं, म्हणजे फिरत्या पात्याचं, टोक तेवढं वरच्या भोकातून डोकावणारं. लाकूड टेबलावरून पुढं ढकलत न्यायचं, की बिटाच्या आकाराची कड मागं उमटत यायची. ते बघायला त्यांना अजून आवडायचं.

पण एका आकारासाठी एक बिट. आकार बदलायचा तर बिट बदलायचं, आणि बिट बदलायचं तर टेबलाखाली जायचं. प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा, गुडघे टेकायचे, मान वाकडी करून नट आवळायचे दोन पाने घ्यायचे. एकानं दांडा धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. उलट्या टांगलेल्या यंत्राचा नट कुठल्या बाजूला सैल होतो हे डोक्याला कधीच आठवत नाही, मनगटालाच ठाऊक असतं. दिवसातून दहा वेळा ते असे खाली जायचे.

आता खाली जाणं कसंतरी जमे. वर येणं जमत नव्हतं. टेबलाचा पाय धरून, दात आवळून, एक गुडघा उचलायचा, मग दम खायचा, मग दुसरा. उजव्या अंगठ्यातली पकडही गेली होती. लाकडाची वखार चालवणारा त्यांचा जुना दोस्त एकदा फळ्या टाकायला आला आणि ते वर येईपर्यंत ताटकळला.

"अरे, टेबलाखाली गेलास की तळघरात? मी तोवर चहा पिऊन येऊ का?"

"दोन पी," खालून आवाज आला.

दोस्त हसला, पण जाताना म्हणाला, "टेबल मला देऊन टाक. माझ्या वखारीत जवान पोरं आहेत. तू आता खुर्चीत बस."

कडेवाले म्हणाले, "ही वाचनालयाची आठ दारं होऊ देत. नीट झाली तर टेबल इथंच. नाही झाली तर रविवारी टेम्पो घेऊन ये."

बोलून गेले आणि तो शब्द मानेवर येऊन बसला. बापाचं टेबल गेलं की ते कडेवाले कसले? नुसते दाराशी बसलेले म्हातारे.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली, आणि तीच नडली. आठ दारांच्या सोळा उभ्या पट्ट्यांना खाच, सोळा आडव्या पट्ट्यांना जीभ. जीभ खाचेत बसली की दार जुळलं. रीत अशी, की मधूनमधून दोन्हींचा एकेक तुकडा कापून जोडून बघायचा. पण जोडून बघायचं म्हणजे बिट बदलणं आलं, म्हणजे खाली जाणं आलं. त्यांनी एका संध्याकाळी एकदाच खाली जाऊन खाचेचं बिट लावलं आणि साऱ्या उभ्या पट्ट्या एका दमात काढल्या. दोन दिवसांनी संध्याकाळीच एकदा जाऊन जिभेचं लावलं. मधे काही जोडून पाहिलं नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला शेडबाहेर काढलं असतं.

शुक्रवारी दारं जुळवली. पॉलिशचं काम बायको पुढच्या पडवीत करायची. तिनं सांध्यावरून बोट फिरवलं आणि सहावं दार पुन्हा त्यांच्यापुढं आणून ठेवलं.

"इथं पायरी आहे."

"कुठं?"

"बोट फिरवा. पहिली पाच सपाट आहेत. याला नखाएवढी, सातव्याला त्याहून जास्त. आठवं तर विचारूच नका."

त्यांनी बोट फिरवलं. क्षणात समजलं. बिट नीट आवळलं गेलं नव्हतं. कापता कापता ते केसाकेसानं वर सरकत होतं, आणि त्याबरोबर खाचही. ते लाकडाच्या ढिगावर बसले.

"अंगठा गेला माझा," ते म्हणाले. "टेम्पो येऊ दे."

"चार दिवस तुमचे गुडघे कोरे आहेत," ती म्हणाली. "मला काय दिसत नाही? खाली जायचं टाळत होतात."

"मग काय करू? वर येता येत नाही मला." हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.

तिनं टेबलाखाली वाकून पाहिलं. मग वरून पाहिलं. भोकाभोवती हातभर लांबीची लोखंडी पट्टी टेबलात बसवलेली होती, चार कोपऱ्यांना चार ठिपके मेणाचे.

"राउटर या पट्टीलाच लटकलंय ना?"

"हो."

"मी शिलाई मशीनला तेल घालायला खाली रांगत जाते का? मशीनच वर उलटते. हेही पट्टीसकट वर का काढत नाही?"

"त्या पट्टीला हात लावायचा नाही," ते पटकन म्हणाले. "बापानं कागदाच्या चिठ्ठ्या खाली सारून सपाटी साधली होती. स्क्रू मेणानं बुजवले. म्हणाला होता, हलवलीस तर पुन्हा जमायची नाही."

"मामंजींचं वय काय होतं तेव्हा?"

कडेवाल्यांनी हिशेब केला. "चाळीस असेल."

"मग त्यांना काय कळणार गुडघ्यांचं?"

त्यांना हसू आलं नाही, पण ओठ हलले. प्लग काढून त्यांनी टेबलावर ठेवला. खिळ्याच्या टोकानं मेण काढायला घेतलं. एकेक ठिपका सालीसारखा निघाला. स्क्रू निघाले. खालच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या. बायकोनं कुठल्या कोपऱ्याखाली किती होत्या ते खडूनं तिथंच टेबलावर लिहिलं आणि त्या हलू न देता तशाच राहू दिल्या. दोघांनी दोन बाजूंनी धरून पट्टी राउटरसकट वर उचलली आणि टेबलावर आडवी निजवली.

कडेवाल्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. तीस वर्षं ज्या नटाला त्यांनी अंधारात बोटांनी ओळखलं होतं, तो खिडकीच्या उजेडात त्यांच्या छातीसमोर होता. पाने लागले, नट सुटला, बिट हातात आलं. बिटाची मान आवळून धरणाऱ्या चिरलेल्या नळीला ते 'गळा' म्हणत. तिच्यात त्यांनी डोकावून पाहिलं. चिरांमध्ये भुसा बसून दगडासारखा घट्ट झाला होता.

"अगं, हे बघ. गळाच बुजलाय. धरणार कसा?"

"म्हणजे अंगठा नाही?"

"अंगठाही आहे," ते म्हणाले. खोटं बोलायचं आता त्राण नव्हतं. "पण एकटा अंगठा नाही."

तिनं जुना दात घासायचा ब्रश आणला. गळा साफ झाला. खाचेचं बिट त्यांनी तळाला टेकेपर्यंत घातलं, मग दाण्याएवढं वर घेतलं आणि आवळलं. तळाला टेकलेलं बिट गळा पक्कं धरत नाही, हे बापानंच शिकवलं होतं. लोखंडी पट्टी राउटरसकट परत त्याच चिठ्ठ्यांवर बसवली. जुळलेल्या दारातली एक जीभ समोर ठेवून तुकडे कापले, जोडले, बोट फिरवलं. दुसऱ्या तुकड्याला केसभर फरक. तिसऱ्याला काही नाही. उरलेल्या फळीतून शेवटच्या तीन दारांसाठी सहा नव्या उभ्या पट्ट्या निघाल्या. या खेपेला दर दोन पट्ट्यांमागं त्यांनी जोडून पाहिलं.

रविवारी वखारवाला आला. आठ दारं भिंतीला टेकलेली. त्यानं सगळ्यांवरून बोट फिरवलं, मग मेण गेलेल्या चार भोकांकडं पाहिलं.

"उघडलंस?"

"उघडलं."

"टेम्पो बाहेर उभा आहे."

"मग दारं वाचनालयात पोचवून या," बायको म्हणाली. "आलाच आहे तर कामाला येऊ दे."

कडेवाले स्टुलावरून उठले. गुडघे कडकडले, ते काही बरे झालेले नव्हते. पाठही मोडून आली होती. टेबलाची कड धरून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग सावकाश जेवायला घराकडं निघाले. बायको दारात आडवी झाली.

"थांबा."

तिनं गुडघ्यांवर हात उगारला. तिथं काही नव्हतं. भुसा मांड्यांवर होता, बसलेल्या माणसाच्या ओटीत पडतो तसा. तिनं हात थोडा वर घेतला आणि झटकायला लागली.