डावऱ्याच्या पेनाची झीज

हौस म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असं कुणी म्हणालं की डावऱ्याच्या बायकोच्या डोक्यात तिडीक जायची. तिचा नवरा बस दुरुस्तीच्या शेडमध्ये फिटर होता. आठ-आठ तास गाड्यांखाली उताणा पडलेला असायचा. घरी आला की आधी रॉकेलनं हात पुसायचा, मग दोनदा साबण लावायचा, नखांतलं काळं काडीनं काढायचा, धुतलेला शर्ट चढवायचा आणि मग कुठं कागदाला हात लावायचा.

"लग्नात एवढा नटला नव्हतास," ती म्हणायची.

"लग्नात समोर कागद नव्हता," तो म्हणायचा.

आता बोला! असल्या माणसाची हौस चैन कशी म्हणायची? ती त्याची गरज होती. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करायच्या, तर संध्याकाळी अर्धा तास स्वतःची एक रेघ सरळ यावी, एवढंच त्याचं मागणं होतं. कामगारांच्या मागण्यांचे फलकही तोच रंगवायचा. एकदा मोठ्या साहेबानं मागण्या एकूण एक फेटाळल्या, पण फलक तेवढा ठेवून घेतला. "अक्षर चांगलं आहे," म्हणाला. डावऱ्या आठवडाभर धुमसत होता, आणि मनातून आठवडाभर खूशही होता. बायकोला दोन्ही कळत होतं.

रविवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये, सुंदर अक्षराच्या वेड्यांचं मंडळ जमायचं. पाच-सहा टाळकी असतील. त्यात एक दातांचा डॉक्टर होता. डोळ्याला भिंग लावून दात कोरावा तसा तो बांबूचा टाक कोरायचा. एक निवृत्त मोजणीदार होता, त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे, कारण खिशात पट्टी असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांच्याकडे शाईच्या एक्केचाळीस बाटल्या होत्या आणि त्यांतल्या सहाच उघडलेल्या. "बाकीच्या कधी उघडणार?" विचारलं की म्हणायच्या, "अजून तेवढं अक्षर झालं नाही माझं." चांगला कागद तर प्रत्येकाकडे गादीखाली जपून ठेवलेला असायचा. सराव रद्दीवर, आणि चांगला कागद चांगल्या दिवसासाठी. तो दिवस कुणाकडेच अजून उगवला नव्हता.

ही माणसं रस्त्यानं चालली की दुकानांच्या पाट्यांवरून भांडायची. शेडच्या फाटकावर डावऱ्याच्या दुखवट्याचा फलक लागला, तेव्हाही सगळी येऊन उभी राहिली आणि ढसाढसा रडली. रडता रडताच मिलिमीटर म्हणाला, "दोन अक्षरांत केवढी फट सोडलीय बघा. त्यातून बस जाईल."

डावऱ्याची बायको हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसली, कारण डावऱ्या तिथं असता तर त्यानंही नेमकं हेच म्हटलं असतं.

छातीत एक कळ आली आणि तो शेडमध्येच गेला. त्याला आता आठ महिने झाले होते.

मंडळाचा एक अलिखित नियम होता. जेवणाचा डबा वाटून खायचा, कागद द्यायचा, शाई द्यायची, पण पेन कुणाला द्यायचं नाही. हा नियम तिला घरातच कळला होता. एकदा गॅसवाल्याचा फोन नंबर उतरवून घ्यायला तिनं डावऱ्याचं चपट्या निबेचं पेन उचललं, तर तो ताटावरून उठून धावत आला.

"अगं ठेव, ठेव! दुसऱ्याचा हात लागला की निब बिथरते."

"निब आहे की नवी नवरी?"

"जोडा आहे असं समज. ज्याच्या पायात असतो त्याच्या चालीनं त्याचा तळ झिजतो. दुसऱ्यानं घातला की चावतो."

डावऱ्या लिहायचाही जगावेगळा. कागद पार आडवा करायचा, अक्षरं वरून खाली आपल्या पोटाकडे आणायचा, नाहीतर डाव्या हातानं ओली शाई फासली जायची. अकरा वर्षं ते एकच पेन, तो एकच हात, तो एकच कोन.

तो गेल्यावर एका संध्याकाळी तिनं ते पेन सहज हातात घेतलं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. वाफेच्या त्या भट्टीत दिवस काढून चादरींच्या काठांवर न पुसणाऱ्या शाईनं वॉर्डाचे आकडे घालायचे, एवढाच तिचा लिहिण्याशी संबंध. तिनं उजव्या हातानं रेघ ओढली. पेन खरखरलं, अडकलं आणि शाईचा ठिपका थुंकून मोकळं झालं.

"मेल्यावरसुद्धा हात लावू देत नाहीस होय रे!" ती रिकाम्या घरात ओरडली.

मग तिला जोड्याचं ते बोलणं आठवलं. तिनं पेन डाव्या हातात घेतलं. कागद आडवा केला. रेघ ओढली, खर्र. मनगट थोडं वळवलं, खर्र. कोपर टेबलाला टेकवलं, पेन किंचित मागं कलवलं, बोटांत अर्धा वळसा फिरवलं. खर्र, खर्र, आणि एकाएकी आवाज बंद. निब कागदावर अशी बसली, की खाली कागद आहे की नाही कळेना. तेल दिलेल्या बिजागरीसारखी रेघ खाली उतरली.

तिचं मनगट या क्षणी जिथं होतं, तिथं अकरा वर्षं त्याचं मनगट होतं. कोपराखाली टेबलाची कडही तीच होती. फोटोत तो नव्हता, खुंटीवरच्या शर्टात नव्हता, शर्टाचा वास तर दोन महिन्यांतच उडाला होता. तो इथं होता.

त्यानंतर तिचा नेमच झाला. कामावरून यायचं, हात धुवायचे, चहाही न घेता टेबलाशी बसायचं. पेनाला आवडेल तो कोन शोधायचा. सुरुवातीला अर्धा तास लागायचा, नंतर पाच मिनिटं. सापडला की त्यातच राहायचं. दुसऱ्या गावी नोकरीला असलेली लेक फोनवर विचारायची, "संध्याकाळची काय करतेस गं आई?"

"रेघोट्या ओढते."

"कसल्या?"

"उभ्या."

"आई, इकडे ये ना चार दिवस राहायला."

"बघू," ती म्हणायची. ती काही जायची नाही. चार संध्याकाळी बुडल्या असत्या.

आणि मग पेन गळायला लागलं. बोटं निळी, टेबल निळं, तिच्या पदरावर निळा डाग. तिनं दोरा गुंडाळून पाहिला, मेण लावून पाहिलं. शेवटी पेन रुमालात बांधून ती रविवारी वाचनालयात गेली. आठ महिन्यांत तिकडे पाऊल ठेवलं नव्हतं. "या वहिनी, या," करत सगळे उठून उभे राहिले.

"डॉक्टर, एवढं गळतंय तेवढं थांबवा," तिनं पेन पुढे केलं.

डॉक्टरनं ते दोन्ही हातांत घेतलं. डावऱ्याचा तो जिवाभावाचा मित्र. भिंग डोळ्याला लावून त्यानं पेनाकडे पाहिलं आणि बराच वेळ भिंग काढलंच नाही. "आठवडाभर ठेवतो वहिनी. असं करून देतो, की बघत राहाल."

तो आठवडा तिनं कसा काढला, तिचं तिला माहीत. धुलाईघरातल्या बाया म्हणाल्या, "बाई, तुझं लक्ष कुठाय? बालरुग्णांच्या चादरींवर प्रसूतीचा आकडा घातलास!"

पुढच्या रविवारी डॉक्टरनं कवळीच्या डबीतून कापसात गुंडाळलेलं पेन काढलं. चेहरा असा फुललेला, जणू स्वतःच्या हातानं भेट घडवून आणतोय. "आता लिहा."

तिनं पेन डाव्या हातात घेतलं आणि कागद आडवा केला. तिला असं बसलेलं मंडळींनी कधी पाहिलंच नव्हतं. शाळेतल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. बसणं, मान, खांदा, सगळं डावऱ्याचं.

रेघ सरसर उतरली. पहिल्याच फटक्यात! तिला आनंद झाला, पण तो क्षणभरच टिकला. मग तिनं मनगट मुद्दाम चुकीचं वळवलं. पेन सरसर. अजून वळवलं. सरसर. कागद सरळ केला, पेन उजव्या हातात घेतलं, कसंही धरलं. सरसर, सरसर. पूर्वी एकाच जागी पेन गप्प व्हायचं आणि तिथं तो सापडायचा. आता ते सगळीकडेच गप्प होतं.

"काय केलंत?" तिनं विचारलं.

"गळती काढली. आणि हो, निब एका बाजूनं पार खाल्ली गेली होती हो. तुम्ही उजव्या, तुम्हाला कशी चालणार? घासून समतल केली. तुमच्या हाताला बसेल अशी करून दिली." डॉक्टर अजून हसतच होता.

"मी सांगितलं होतं घासायला?"

"अहो वहिनी..."

"सांगितलं होतं का? गळतंय तेवढं थांबवा म्हटलं होतं! दुसऱ्याच्या निबेला हात लावायचा नाही म्हणून जगाला शहाणपण शिकवता ना तुम्ही? माझा माणूस होता त्यात! तुम्ही त्याला घासून टाकलंत!"

डॉक्टरचं हसू विझायला थोडा वेळ लागला. त्यानं मघाशी आडव्या केलेल्या कागदाकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या डाव्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला हे तासभर समजावून सांगावं लागलं असतं. त्याला एक शब्दही सांगावा लागला नाही. तो मटकन खुर्चीत बसला.

"झिजलेलं दिसलं की माझा हात थांबत नाही," तो पुटपुटला. "वाटलं, त्याच्यासाठी एवढं तरी..."

मिलिमीटरनं घसा खाकरला. "त्याचे बावीस कागद आहेत माझ्याकडे. जाड-बारीक रेघांवरून कोन मोजता येईल. अर्ध्या अंशापर्यंत काढून देतो. डॉक्टरनं तसंच परत घासायचं. हुबेहूब होईल."

"दात पडला की कवळी बसवता, तसा नवरा बसवून देणार?" ती म्हणाली.

पंख्यानं वर्तमानपत्राचं एक पान उचललं आणि खाली ठेवलं.

ती उठली. पेन रुमालात बांधलं. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"कशावर घासलंत?"

"बारीक पॉलिश पेपरवर."

"तो कुठाय?"

"दवाखान्यात... टोपलीत टाकला असेल."

"चला."

रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता. डॉक्टरनं शटर अर्धं वर केलं आणि दोघं वाकून आत गेली. खुर्ची, वरचा दिवा, लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टर कचऱ्याच्या टोपलीपाशी गुडघ्यावर बसला आणि हातांनी उपसायला लागला. कापसाचे बोळे, प्लास्टरचे तुकडे, कुणाच्या तरी जबड्याचा फुटका साचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट कोपरापर्यंत मळला. ती बाजूला उभी राहून बघत होती. तिनं त्याला उठा म्हटलं नाही.

सापडला. दोन बोटं रुंद पट्टी. तिच्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, एकात एक गुंतलेली, निबेच्या भुकटीची राखाडी वळणं.

"आठ काढत घासतात," डॉक्टर खाली बघत म्हणाला, "म्हणजे सगळीकडून सारखं जातं."

"एवढाच?"

"एवढाच."

तिनं पट्टी घेतली. एका वळणावरून हलकंच बोट फिरवलं. बोटाच्या टोकावर राखाडी आलं आणि पट्टीवरचं तेवढं फिकं झालं. तिनं हात झटकन मागं घेतला.

"वहिनी, मला..."

"परत झिजायला किती दिवस लागतील?" तिनं त्याला पुरं बोलू दिलं नाही. "रोज बसले तर."

डॉक्टरनं खरं तेच सांगितलं. खोटं बोलला असता तर तिनं त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. "दहा-बारा वर्षं. पण वहिनी, तुम्ही कितीही त्याच्यासारखं धरलंत तरी... तो कोन तुमचा होईल."

"माझा मला काय करायचाय, डॉक्टर?"

ती शटरखालून वाकून बाहेर पडली. रस्त्यावर वारा होता. तिनं पट्टी तळहातावर सपाट ठेवली, वर दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आणि घराकडे चालू लागली. समोरून येणारी माणसं कडेला सरकून तिला वाट देत होती.